आधी कॉफी, मग खोली

परक्या गावात गाडीतून उतरल्यावर आधी कॉफी प्यायची आणि मग खोली विचारायची, हे मला ज्या माणसानं शिकवलं, तो स्वतः अकरा वर्षं बंगळूर स्टेशनसमोरच्या एका लॉजमध्ये राहिला. मी अजूनही कुठं गेलो तर हाच क्रम ठेवतो. बायको वैतागते, सामान पायाशी ठेवून कॉफी कसली पिता म्हणते. पण त्यामागं शास्त्र आहे. गाडीतून थेट आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर 'कसलीही द्या, पण खोली द्या' असं लिहिलेलं असतं आणि काउंटरवरच्या मॅनेजरला ते लांबून वाचता येतं. कॉफी प्यालेला माणूस अजून चार लॉज बघायचेत अशा तोंडानं आत शिरतो. त्याला जिन्याखालची अंधारी खोली कुणी दाखवत नाही.

मला ती जिन्याखालचीच मिळाली होती. राज्याचं नाव तेव्हा म्हैसूर होतं. एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी पुण्याच्या मीटर गेज गाडीनं, डोळ्यांत कोळशाचे कण घेऊन, बंगळूरला उतरलो. स्टेशनबाहेर जटकेवाल्यांनी, म्हणजे तिकडच्या टांगेवाल्यांनी, मला घेरलं. एकानं रस्ता ओलांडण्यापुरतं मला जटक्यात बसवलं आणि समोरच्याच लॉजपाशी उतरवलं. खोलीत शिरून मी गादी दाबून बघत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नळ बघितलासा काय?"

दारात चाळिशीचे एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पायांत स्लिपर. कानडी मुलखात पहिल्याच तासाला मराठी ऐकून मला बरं वाटलं, पण प्रश्न विचित्र होता.

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी सध्या नऊ नंबर," ते म्हणाले आणि सरळ आत येऊन त्यांनी नळ फिरवला. नळातून नुसती हवा आली. मग त्यांनी दिव्याचं बटण खाली-वर केलं, मग कडी लावून काढली. "आधी नळ, मग दिवा, मग कडी. गादी बघून काय करणार? गादी सगळीकडं सारखीच वाईट असती."

मी तावातावानं मॅनेजरकडं निघालो, तर त्यांनी मला थांबवलं. "आत्ता नगा जाऊ. मद्रासची गाडी आलीया. गर्दी ओसरली की जावा, मग त्याला माणसं दिसाय लागतात. आणि खोली वाईट हाय असं म्हणू नगा. नळ बिघडलाय म्हणा. खोलीला नावं ठेवली की मॅनेजरला राग येतोय, नळाला ठेवली की लाज वाटतीया."

अर्ध्या तासानं मी तसंच केलं. मला बारा नंबर मिळाली, वरच्या मजल्यावर, स्टेशनच्या बाजूची. मी म्हटलं, मागच्या बाजूची शांत खोली बरी नव्हती का? तर त्यांनी मान हलवली. गाड्यांची तीन दिवसांत सवय होते, मागच्या खोल्यांत शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो आणि त्याची सवय महिन्यातही होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं मला कळलं की ते बरोबर होतं.

सोमवारी कारखान्यात गेलो तर शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर हेच गृहस्थ वाकलेले. बेळगावच्या बाजूचे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. महाराष्ट्रातून नवा माणूस नोकरीला आला की साहेबसुद्धा सांगत, राहण्याचं अण्णांना विचारा. अण्णा त्याला काय काय सांगत! स्टेशनकडून वारा असेल तर पांढरा शर्ट बाहेर वाळत घालायचा नाही, इंजिनाची काजळी बसते. बंबाचं पाणी मद्रास मेलची शिट्टी झाली की लगेच घ्यायचं, नंतरचं नुसतं नावाला गरम. हॉटेलात डोसा पहिल्या घाण्याचा मागवायचा नाही, तवा तापू द्यायचा. स्वयंपाकघरावरची खोली उन्हाळ्यात फुकट दिली तरी नको, पण डिसेंबरात मागून घ्यायची, कारण भिंत ऊबदार असते. आणि पेटी पहिल्या दिवशी पूर्ण रिकामी करायची नाही. पेटी रिकामी केली की माणूस तिथला होतो आणि मग त्याला वाईट खोलीही सोडवत नाही.

हा शेवटचा नियम ते स्वतः अक्षरशः पाळत. त्यांच्या लोखंडी पेटीतले वरचे चार कपडे तेवढे रोज बाहेर येत. तळाशी काय आहे ते त्यांनाही आठवत नसावं.

लॉजच्या काउंटरमागं एक पाटी होती. तिच्यावर कानडीत आणि इंग्रजीत दोनच नियम होते. मुक्काम सात दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि खोलीत स्वयंपाक करायचा नाही. मालकाच्या मते लॉज हे प्रवाशांसाठी होतं, राहायचं असेल त्यानं घर बघावं. पाटी जुनी होती आणि पहिल्या नियमाकडं कुणी बघत नसे. मी स्वतः दोन-तीन महिने एकाच खोलीत होतो. अण्णा मात्र बघत.

दर रविवारी सकाळी ते खोली सोडत. वळकटी बांधत, पेटी उचलत, काउंटरवर किल्ली ठेवत आणि रस्ता ओलांडून स्टेशनात जात. प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसत. पुण्याची गाडी आली की उतरलेल्या गर्दीबरोबर बाहेर पडत, समोर उभ्यानं कॉफी घेत आणि लॉजच्या काउंटरपुढं रांगेत उभे राहत. नंबर आला की विचारत, "रूम इद्या?" म्हणजे खोली आहे का.

मॅनेजर उडुपीकडचा होता. तोही पट्टीचा. चेहऱ्यावरची रेघ न हलवता विचारायचा, "एल्लिंद?" कुठून आलात? अण्णा रजिस्टरात लिहीत, 'बंगळूरहून'. कुठं जाणार या रकान्यात लिहीत, 'बंगळूर'. "एष्टु दिना?" किती दिवस? "एळु," अण्णा म्हणत. सात. मग जी रिकामी असेल ती खोली त्यांना मिळे. एखादी राखून ठेवतो असं मॅनेजर कितीदा म्हणाला, पण अण्णांना ती सवलत नको होती. त्यामुळं लॉजच्या सगळ्या खोल्यांत ते राहून झाले होते आणि प्रत्येकीची खोड त्यांना पाठ होती. कुठं राहता असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "सध्या सात नंबर." "सध्या चौदा."

मला हे सगळं आधी गमतीचं वाटलं आणि मग त्याचं कुतूहल काही मला स्वस्थ बसू देईना. माणूस पगारदार. कारखान्याच्या क्वार्टरच्या यादीत त्याचं नाव वर होतं. गावाकडं बायको होती, एक मुलगी होती. मग हा दर रविवारी स्वतःच्याच शहरात पाहुणा होऊन का येतो? शेवटी एका रविवारी मीही प्लॅटफॉर्म तिकीट काढून त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो आणि सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही घर का करत नाही?"

त्यांनी पेटी पायाशी ओढून घेतली. मग सांगू लागले. त्यांचा थोरला भाऊ दोन वर्षांत येतो म्हणून मुंबईला गेला. तिथं त्यानं बिऱ्हाड केलं, मग पत्रं कमी झाली आणि शेवटी वर्षाकाठी दिवाळीचं एक कार्ड तेवढं उरलं. अण्णांना बंगळूरची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि घरच्या चुलीवर हात ठेवायला लावला.

"परमुलखात चूल मांडायची न्हाई, असं आबा म्हणाले. मी हात ठेवला. चूल गरमच होती," अण्णा म्हणाले.

"आणि वहिनी? मुलगी?"

"हायत की गावाला. वर्षातनं दोनदा जातो मी. पोरगी दोन दिवस लाजती. तिसऱ्या दिवशी बोलाय लागती." ते थांबले. "चौथ्या दिवशी माझी गाडी असती."

मला त्यांच्या आबांचा राग आला आणि खरं सांगायचं तर अण्णांचाही आला. मी वाद घातला. म्हटलं, क्वार्टर घ्या, वहिनींना आणा, जेवण बाहेरून मागवा, म्हणजे चूल नाही आणि शपथही मोडली नाही. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी हलकं बोललो होतो. "बायको आली की चूल आलीच. शपथेला पळवाट नसती," ते म्हणाले. लॉजच्या नियमाला दर रविवारी वळसा घालणाऱ्या माणसानं मला हे ऐकवलं! पण त्यांच्या लेखी तो वळसा नव्हताच. सात दिवस झाले, ते खरोखर निघाले होते आणि खरोखर परत आले होते. तेवढ्यात पुण्याची गाडी आली आणि ते पेटी उचलून गर्दीत मिसळले.

पुढच्या वर्षी कारखान्याची नवी वसाहत झाली. अण्णांना क्वार्टरचं पत्र आलं. त्यांनी त्यावर 'सध्या गरज नाही' असं सुबक अक्षरात लिहून ते परत केलं, आणि यादी एकेक सरकत क्वार्टर मला मिळालं. हे त्यांचं तिसऱ्यांदा होतं. मी लग्न करून बायकोला घेऊन आलो, तेव्हा अण्णा घर बघायला आले. आल्या आल्या नळ सोडून बघितला. "पाणी चांगलं हाय," म्हणाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मात्र ते थांबले. बायको चहा करत होती, तो होईपर्यंत ते तिथंच उभे होते आणि आत आले नाहीत. माझा संसार त्यांच्या जागेवर मांडलेला आहे, हे त्या दिवशी मला नीट टोचलं.

त्यानंतर दोन वर्षांनी आबांना मोतीबिंदू झाला. गावच्या डॉक्टरांनी बंगळूरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. अण्णांनी घरी चार पानी पत्र पाठवलं. कुठल्या डब्यात बसायचं, काय आणायचं, काय आणायचं नाही, स्टेशनवर हमालाला काय म्हणायचं, सगळं त्यात होतं. आबा आले, सोबत वहिनी आणि नऊ वर्षांची मुलगी. मीही स्टेशनवर गेलो होतो. आबा उंच, ताठ आणि तोंडानं फटकळ. मला आधी आंघोळ करू दे म्हणून ते कुरकुरले, पण अण्णांनी त्यांनाही आधी कॉफी प्यायला लावली. मग चांगली खोली मिळाली, वरची, नळाला पाणी असलेली.

ऑपरेशन पार पडलं. आठ-दहा दिवस हॉस्पिटलात गेले आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून आबांना लॉजमध्ये आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की टाके कच्चे आहेत, जोरात खोकायचं नाही, शिंकायचं नाही, गाडीचे धक्के खायचे नाहीत. नाहीतर डोळा जाईल. माझ्याकडं चला म्हणून मी विनवलं, पण आबा म्हणाले, दुसऱ्याच्या घरात आंधळा होऊन मी बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी मोसंबी घेऊन गेलो. खोलीत आबा पलंगावर बसलेले, समोर हॉटेलातून आलेला सारभात. पहिल्याच घासाला मिरी घशाशी लागली. त्यांनी छाती दाबून धरली, चेहरा लाल झाला आणि तो खोकला त्यांनी कसाबसा गिळला. मुलगी रडायला लागली. "पुन्हा कमी तिखट मागवतो," म्हणून अण्णा धावत खाली गेले. हे कालपासून चौथ्यांदा चाललं होतं.

वहिनी तोवर कोपऱ्यात मुलीला जवळ घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. अंथरुणाच्या वळकटीतून त्यांनी एक गोधडी काढली, ती उलगडली, आणि आतून निघाला पितळी स्टोव्ह. चार पानी पत्रात जे आणू नये म्हणून लिहिलं होतं त्यात तो पहिला होता. त्यांनी काकडा लावला, पंप मारला आणि पातेल्यात तांदूळ धुऊन घातले. अण्णा ताट घेऊन वर आले तेव्हा स्टोव्ह फरफरत होता. ते दारातच खिळले. त्यांच्या हातातल्या ताटातलं सार जमिनीवर सांडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

आबांनी पट्टी बांधलेलं तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं. "चूल कुणी पेटवली?"

वहिनी पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "मी पेटवली, मामंजी. शपथ ह्यांनी घेतलीया. माझा हात कुणी चुलीवर ठेवला न्हवता. मला कुणी विचारलंच न्हवतं."

माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी होती आणि ती कुठं ठेवावी मला सुचेना. आबा सावकाश भिंतीला टेकले. "भात मऊ होऊ दे. घाई करू नको," ते म्हणाले.

भात झाला. आबांनी दोनदा मागून खाल्ला. घासलेटाचा वास मात्र जिन्यावर गेला आणि मॅनेजर आला. स्टोव्हकडं आणि पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याकडं बघून तो बिचारा ओशाळला. "स्वल्प दिवस चालू द्या, अण्णा. मी काही बघितलं नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

"तुम्ही बघितलंय. मी पण बघितलंय," अण्णा म्हणाले आणि वळकटी बांधायला बसले. रविवार नव्हता, तरी त्यांनी त्या दिवशी किल्ली काउंटरवर ठेवली. आता आबांपुढंही दुसरा रस्ता नव्हता. आम्ही टॅक्सी हळूहळू चालवायला लावून सगळ्यांना माझ्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. वहिनींनी स्टोव्ह मांडीवर घेतला होता.

आमच्याकडं ते तीन आठवडे होते. दोन्ही बायकांनी मिळून स्वयंपाक केला. अण्णा उंबऱ्याशी पाट घेऊन जेवत. एके सकाळी मी आबांच्या डोळ्यांत औषध घालत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "घर चांगलं हवेशीर वाटतंय. कारखान्याचं काय?"

मी हो म्हटलं. आणि मग माझ्यानं राहवलं नाही. "खरं तर हे अण्णांचं. त्यांनी सोडलं म्हणून मला मिळालं."

"सोडलं?"

"तीनदा सोडलं, आबा."

त्या दिवशी ते दुपारचं जेवले नाहीत. मी उगाच बोललो असं मला वाटत राहिलं.

चष्मा लागला, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, आणि आबांना न्यायला गावचा एक शेजारी स्वतःचं परतीचं तिकीट काढूनच येऊन पोचला. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. वहिनींचं आणि मुलीचं सामान बांधलेलं होतं. मुलगी आता अण्णांचं बोट सोडत नव्हती. तीन आठवड्यांत ती त्यांच्याशी भांडायलाही शिकली होती. अण्णा खिडकीकडं निघाले तसं आबांनी जाड भिंगांतून त्यांच्याकडं बघत विचारलं, "कुठं निघालास?"

"तिकिटं काढाय."

"किती?"

"तीन. दोन फुल, एक हाफ."

"एक काढ," आबा म्हणाले.

अण्णांना कळेना. वहिनींना आधी कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माझं एकट्याचं काढ. पोरीचं नाव हितल्या शाळेत घाल, जूनपतूर थांबू नको." आबांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. "आणि दिवाळीला घरी यायचं. नुसतं कार्ड पाठवू नको."

अण्णा खिडकीपाशी गेले आणि नुसतेच उभे राहिले. मागचे लोक ओरडू लागले. शेवटी मीच पुढं होऊन 'बेळगाव, एक' म्हटलं.

पुढं जागा होईपर्यंत ते तिघं आमच्याकडंच राहिले. चार महिन्यांनी क्वार्टरचं चौथं पत्र आलं. या वेळी त्यावर त्यांनी नुसती सही केली. नव्या घरात वहिनींनी पहिल्याच दिवशी ती लोखंडी पेटी उपडी केली, घासली आणि अंगणात उन्हात ठेवली. तळाशी एक वर्तमानपत्र होतं, इतकं जुनं की हात लावताच तुकडे पडले. अण्णा पेटीकडं बघत पायरीवर बसले होते. मला हळूच म्हणाले, "आता रविवारी काय करायचं हो?"

रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर. बरोबर मुलगी, हातात काही नाही. आम्ही बसनं स्टेशनला गेलो आणि प्लॅटफॉर्म तिकिटं काढून त्याच बाकावर बसलो. पुण्याची गाडी आली. एक कोल्हापूरकडचे गृहस्थ ट्रंक सांभाळत उतरले आणि भांबावून इकडंतिकडं बघू लागले. बाहेर जटकेवाले टपलेलेच होते. अण्णा तत्परतेनं उठले.

"आधी कॉफी प्या, मग खोली विचारा. खोलीत गेलासा की आधी नळ बघा."

गृहस्थांना हायसं वाटलं. "तुम्हीही आत्ताच्या गाडीनं आलात का? उतरलात कुठं?"

मला वाटलं, आता नंबर सांगतील. मुलीनं वर अण्णांकडं बघितलं.

"मी?" अण्णा म्हणाले. "मी हितलाच."